वाढत्या अंगाचं

जून उजाडला की नवी पेठेतल्या कापड दुकानांत एक वाक्य दिवसभर घुमत असतं, "मालक, जरा वाढत्या अंगाचं दाखवा की." पोरगं चौथीतलं असतं, पँट सातवीतली. बाह्यांनी पंजे गिळलेले, खांदे कोपरांच्या दिशेनं निघालेले, आणि आई दोन पावलं मागं सरून असं समाधानानं बघते की पुढची तीन वर्षं तिनं आजच बिलासकट घरी आणली आहेत. पोरगं कुरकुरतं, "लई ढिलं होतंय." त्यावर दुकानदार, आई आणि शेजारच्या गिऱ्हाइकाची आजी एका सुरात सांगतात, "अंग भरतं की वर्षात!"

हे वाक्य सोलापूरला शोभतं. चादरीनं आणि टॉवेलनं गावाचं नाव केलं, दोघांना भौगोलिक मानांकनही मिळालं; पण अलीकडं गावाचा मोठा धंदा गणवेशाचा. देशातल्या कितीतरी शाळांत सकाळी प्रार्थनेला उभी राहणारी पोरं सोलापुरात शिवलेल्या शर्टात उभी असतात. म्हणजे ज्यांना कधी पाहिलं नाही त्यांच्या अंगाचा अंदाज बांधणं, हे इथल्या हजारो माणसांचं पोटापाण्याचं काम. २२, २४, २६ असे दोन-दोनानं चढत जाणारे नंबर इथं लोकांना पाढ्यासारखे पाठ असतात.

गंमत अशी, की अंग वाढणार हे गृहीत धरून, आनंदानं, आगाऊ पैसे मोजून कपडा घेण्याची ही रीत फक्त दहावीपर्यंत टिकते. चाळिशीतल्या कुणी दुकानात जाऊन "वाढत्या अंगाचा सफारी दाखवा" म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. खरं तर अंग वाढायचा भरवसा त्याच वयात जास्त. पण नाही; तिथं माणूस लग्नातला सूट डांबरगोळ्या घालून पंधरा वर्षं जपतो, आणि दर दिवाळीला त्यात शिरायचा प्रयत्न करून सणाचा दिवस खराब करून घेतो.

माणसाच्या स्वतःच्या अंगाशी चाललेल्या या भांडणाची सुरुवात कुठं होते, याबद्दल माझा एक तर्क आहे. ती ट्रायल रूमच्या पडद्यामागं होते. जरा अंगानं थोराड पोरगं आत असतं आणि बाहेरून आवाज येतो, "याच्या मापाचं येत नाही हो. ऑर्डर द्यावी लागेल." काउंटरवरचा माणूस बोलत असतो मालाबद्दल. कमतरता त्याच्या रॅकमध्ये असते. पण पडद्यामागं मान खाली जाते ती पोराची. उलट आपल्या गल्लीतला शिंपी पाहा. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल, आणि अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात तो मदतनिसाला सांगतो, "छाती अडतीस, पोट एक्केचाळीस." स्वरात दया नाही, आश्चर्य नाही, उपदेश तर नाहीच. मापाच्या वहीत कुणाचंही पोट 'सुटलेलं' नसतं. ते फक्त ४१ असतं. वर शिवणीत दोन बोटं कापड दाबून ठेवतो आणि म्हणतो, "पुढं लागलं तर उसवून देतो, काळजी करू नका." माझ्या पाहण्यात याहून समंजस समुपदेशक नाही, आणि तो शिलाईतच ही सेवा देतो.

बाकी गावाला ही अलिप्तता जमत नाही. त्यात सोलापूर चार भाषांत नांदणारं गाव. लग्नाच्या मांडवात पाऊल टाकलं की मराठी मावशी म्हणते, "काय गं, सुटलीस की!" दोन खुर्च्या पुढं कानडी काकू, "दप्प आगीयल्ल!" पंगतीत गावाच्या पूर्व भागातली तेलुगू अक्का वाढता वाढता, "लावैनव गदा!" आणि हात धुवायला जावं तर बेगम पेठेतला जुना वर्गमित्र, "कित्ते मोटे हो गए मियाँ!" दुसऱ्या गावांत माणूस एकदाच जाड होतो. सोलापुरात एका लग्नात चारदा. राष्ट्रीय एकात्मतेचं एवढं जिवंत उदाहरण दुसरं सापडणार नाही.

बरं, बारीक होऊन जावं तर सुटका आहे का? "काय ओ, शुगर निघाली का?" ज्या वजनावर कुणीच काही बोलत नाही असं एखादं वजन असलं पाहिजे, असं मला फार दिवस वाटत होतं. ते लग्नाला न गेल्यानंच मिळतं.

हे बोलणाऱ्यांच्या मनात वाईट नसतं, हेही सांगायला हवं. जुन्या पिढीच्या तोंडी "तब्येत सुधारली की" हा शुद्ध आशीर्वाद असतो. ज्यांनी १९७२ च्या दुष्काळात उन्हात खडी फोडली, सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढले, त्यांच्या लेखी भरलेलं अंग म्हणजे घरात धान्य असल्याची पावती. आजीनं गालाला हात लावून "वाळलीस गं" म्हटलं की त्यामागं तिच्या डोळ्यांसमोर रिकामी कणगी असते. नातीच्या डोळ्यांसमोर मात्र मोबाईल असतो, आणि तिला त्याच वाक्याचा मनापासून आनंद होतो. एकाच वाक्यावर आजी रडते आणि नात खूश होते.

फिजी बेटांवर हा बदल फार आधी घडून गेला. तिथंही भरदार अंग म्हणजे चांगल्या घरचं लक्षण, पाहुण्याला आग्रह करकरून वाढायची पद्धत. थोडक्यात, अक्कलकोट रोडच. १९९५ मध्ये तिथल्या नद्रोगा भागात टीव्ही आला. ॲन बेकर या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी टीव्ही आल्या आल्या, आणि पुन्हा तीन वर्षांनी, शाळकरी मुलींच्या दोन वेगवेगळ्या तुकड्यांची पाहणी केली. जेवणाशी वैर धरल्याची लक्षणं आधी सुमारे १३ टक्के मुलींत होती, ती २९ टक्क्यांवर गेली. वजन उतरावं म्हणून मुद्दाम उलटी काढणारी आधी एकही सापडली नव्हती. तीन वर्षांत अशा मुली ११ टक्के निघाल्या. आत्या-मावश्या तर तिथं पिढ्यान्‌पिढ्या बोलतच होत्या. त्यानं एवढं बिघडलं नव्हतं. पूर्वी मुलगी स्वतःला गल्लीतल्या दहा मुलींशी ताडून बघायची, आणि त्या दहाजणींचीही नाकं, दात, केस आपापल्या परीनं गडबडलेले असायचे. तेवढ्यात हिशेब मिटायचा. आता ताडायला सगळं जग, आणि तेही छाटून, घासून, उजळून आलेलं.

उजळण्यावरून आठवलं. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा ४३-४४ अंशांवर जातो. तेव्हा सात रस्त्यावर सिग्नलला उभ्या असलेल्या दुचाकींवर बघावं. डोक्यापासून हनुवटीपर्यंत स्कार्फ, वर गॉगल, कोपरापर्यंत हातमोजे, अंगात पांढरा सनकोट. बाप शेजारच्या गाडीवर असला तरी लेकीला ओळखू शकत नाही, हा त्यातला जोडफायदा. ऊन खरंच भाजतं, त्यात शंका नाही. पण त्याच सिग्नलला भर दुपारी उघड्या डोक्यानं घाम पुसत उभे असलेले पुरुष पाहिले की कळतं, हा बंदोबस्त उष्माघाताविरुद्ध कमी आणि लग्नाच्या बायोडेटाविरुद्ध जास्त आहे.

तो बायोडेटा एकदा नीट वाचण्यासारखा असतो. 'वर्ण' या रकान्यात गोरा, उजळ, निमगोरा, गव्हाळ, फार झालं तर सावळा इतकंच पीक येतं. काळा हा रंग महाराष्ट्रातल्या एकाही बायोडेटात आजवर उगवलेला नाही. आणि हा जिल्हा ज्वारीचा! मंगळवेढ्याच्या ज्वारीला मानांकन, मालदांडी वाणाचा जन्म मोहोळच्या संशोधन केंद्रातला, घरोघरी कडक भाकरीची चवड. आणि माणसं मात्र झाडून सगळी गव्हाळ.

पुरुषांना रूपाचं काही पडलेलं नसतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी चौकातला डिजिटल बोर्ड पाहावा. वाढदिवस आण्णांचा. आण्णांची उंची पाच फूट चार इंच, बोर्ड वीस फूट. बोर्ड बनवणाऱ्याच्या दुकानात आदल्या रात्री जो संवाद होतो तो असा:

"आण्णाला जरा गोरं कर की बे."

"किती करू?"

"मागच्या वर्षीपेक्षा एक घर वर."

"हनुवटी?"

"एकच ठेव."

खाली बत्तीस शुभेच्छुक, बत्तीसही एकाच डब्यातल्या रंगानं काढलेले, सगळ्यांच्या ओठांवर तीच गुलाबी छटा. सकाळी आण्णा स्वतः बोर्डाखाली येऊन उभे राहिले तर "हे कोण?" म्हणून कार्यकर्तेच बाजूला करतील. आपण हसतो, पण मला आण्णांची काळजीही वाटते. ज्या माणसाच्या एका शब्दावर अर्धी पेठ बंद होते, त्यालासुद्धा स्वतःचा खरा चेहरा चौकात लावायची हिंमत होत नाही. मग अकरावीतल्या मुरुमांनी भरलेल्या पोरानं वर्गात हात वर करायची हिंमत कुठून आणावी?

हे सगळं कोणत्या जिल्ह्यात चाललंय, तेही बघा. इथं पंढरपूर आहे. लाखो माणसं पायी चालत जातात ती काळ्यासावळ्या विठोबाला बघायला. तो कंबरेवर हात ठेवून अठ्ठावीस युगं निवांत उभा आहे. पोट आत ओढून कुणाला इतका वेळ उभं राहता येत नाही. दर्शन घेऊन आलेला एकही वारकरी "यंदा विठ्ठल जरा उतरलेला वाटला" असं म्हणत नाही. सोलापूर गावातलं सगळ्यात मोठं लग्न म्हणजे जानेवारीतला सिद्धेश्वरांचा अक्षता सोहळा. सिद्धेश्वरांशीच लग्न करीन म्हणणाऱ्या कुंभारकन्येचा विवाह त्यांच्या योगदंडाशी लागला, अशी ती कथा. अक्षता टाकायला सगळं गाव लोटतं. पण मुलीची उंची किती, रंग कसा, हे आठशे-साडेआठशे वर्षांत एकानंही विचारलेलं नाही. देवाच्या लग्नात बायोडेटा लागत नाही. तो आपण आपल्यासाठी काढला.

२०१६ च्या उन्हाळ्यात थोडा वेळ वाटलं होतं, की आता काही खरं नाही बायोडेटाचं. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे, अकलूजची शाळकरी मुलगी रिंकू राजगुरू, आणि 'सैराट'. मराठी पडद्यावर नायिका म्हणून आपल्याच वर्गातल्या, आपल्याच बसस्टँडवरच्या मुलीसारखी आर्ची आली. तिनं बुलेट चालवली, ट्रॅक्टर चालवला आणि सगळा महाराष्ट्र वेडा केला. त्यानंतर आर्चीसारखी गाडी मागणाऱ्या मुली बऱ्याच दिसल्या. आर्चीसारखी सून पाहिजे म्हणणारे सासरे काही पुढं आले नाहीत. त्याची इतरही कारणं आहेत, सिनेमा पाहिलेल्यांना ती सांगायला नकोत.

आता कुणी म्हणेल, मग काय, वाढू द्यावं पोट? शेंगाचटणी, तेलाची धार आणि वर शेंगापोळी? तसं नव्हे. डॉक्टरकडं एक आकडा असतो, बीएमआय. वजनाला उंचीच्या वर्गानं भागायचं. हा हिशेब एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या ॲडॉल्फ केटले यांनी मांडला. गृहस्थ मुळात खगोलशास्त्रज्ञ. तारे मोजून झाल्यावर त्यांची नजर माणसांच्या वजनाकडं वळली. त्यांना शोधायचा होता लोकसंख्येतला सरासरी माणूस, तुमची-आमची लायकी नव्हे. बीएमआय हे नाव तर १९७२ मध्ये ॲन्सेल कीज यांनी ठेवलं. भारतीयांना मधुमेह लवकर गाठतो म्हणून आपल्याकडं २३ च्या पुढं सावध व्हायला सांगतात, आणि ते ऐकावं. पण तो आकडा रक्तातल्या साखरेची काळजी करायला आहे. पंगतीत ओरडून सांगायला नाही. अमेरिकेत सहा हजारांवर माणसांची चार वर्षांच्या अंतरानं तपासणी करून २०१३ मध्ये एक अभ्यास छापून आला. वजनावरून ज्यांना हिणवलं गेलं, हलकं वागवलं गेलं, ती माणसं पुढं लठ्ठ होण्याची शक्यता इतरांच्या अडीच पट निघाली. म्हणजे मावशीच्या बोलण्यानं वजन उतरत असतं तर एव्हाना सोलापुरात सगळ्यांच्या बरगड्या मोजता आल्या असत्या.

यावर उपाय सांगणारी मंडळीही आता गावात येतात. एका महिला मंडळात अशाच एक बाई आल्या आणि त्यांनी सांगितलं, "रोज सकाळी आरशासमोर उभं राहा, स्वतःच्या डोळ्यांत बघा आणि मोठ्यानं म्हणा, मी सुंदर आहे." सल्ला पुस्तकात ठीक असेल. पण त्यात गृहीत धरलंय की माणसाला स्वतंत्र आरसा आहे, त्यासमोर उभं राहायला जागा आहे आणि बाकीचे घरी नाहीत. पूर्व भागातल्या दोन खोल्यांच्या घरात आरसा एकच, तो बेसिनवर, आणि सकाळी त्याच्यासमोर दाढी, वेणी, टिकली आणि दात यांची रांग. तरी एका वहिनींनी नेटानं मनावर घेतलं. शेजारी यंत्रमाग, त्याच्या खडखडाटात स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येईना. मग त्यांनी आवाज चढवला. तिसऱ्या दिवशी पार टिपेला नेऊन त्या म्हणाल्या, "मी सुंदर आहे!" आणि नेमकी त्याच क्षणी लाईट गेली. सगळ्या गल्लीतले माग एकदम थांबले. त्या शांततेत ते वाक्य शेवटच्या घरापर्यंत गेलं. क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग भिंतीपलीकडून सासूबाईंच्या मैत्रिणीचा आवाज आला, "मग आम्ही काय वाईट आहोत का गं?"

आपल्या स्वभावाला हे स्वतःचं कौतुक झेपत नाही, असं माझं मत झालंय. आपल्याला सुंदर वाटून घेण्यापेक्षा उपयोगी वाटून घेणं सोपं जातं. त्याच गल्लीत विड्या वळणाऱ्या बायका असतात. त्यांची मजुरी हजार विड्यांवर ठरते. पान कापणं, तंबाखू भरणं, वळणं, दोरा बांधणं, आणि बोलता बोलता समोरच्या पोराचा अभ्यास घेणं, हे सगळं बोटं आपोआप करतात. त्या बोटांना कुणी नेलपेंट लावून फोटो काढत नाही. पण त्यांच्यातल्या एखादीपुढं हात बघायला बसलं की बघणारा गप्प होतो. त्या कामानं पाठ मोडते आणि खोकला लागतो, तेही आहेच, उगाच त्याची आरती नको. तरी "माझे हात काय करतात" हे वाक्य तिला लाईट गेल्यावरसुद्धा न लाजता म्हणता येतं.

जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला हे फार छान दिसतं. सात नंदीध्वजांच्या काठ्या निघतात, तीसेक फुटांच्या, आणि त्या तोलून चालणारी माणसं पांढऱ्या बाराबंदीत असतात. बाराबंदीला बटण नसतं, साईज नसते, बंद असतात. पोट जिथवर असेल तिथवर बंद आणायचा आणि गाठ मारायची. सरावानं ताठ झालेले तरुण, ढेरी पुढं घेऊन चालणारे व्यापारी, काठीसारखे आजोबा, सगळे त्याच पांढऱ्यात. नंदीध्वज कलला तर सगळ्यांचे डोळे वर. त्या दिवशी कुणाचं पोट किती हे बघायला कुणाला सवड नसते. दुसऱ्या दिवशी जत्रेतल्या पाळण्याच्या रांगेत सगळं पूर्ववत होतं.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नये. आपलं नाक, रंग, पोट यांचा विचार दिवसातले तासन्‌तास खात असेल, त्यापायी कॉलेजला जाणं किंवा जेवणं सुटलं असेल, तर तो नखरा नाही. नसलेलं व्यंग दिसत राहण्याच्या या आजाराला इटलीच्या मोर्सेली नावाच्या डॉक्टरनं १८९१ मध्येच नाव दिलंय. तेव्हा सेल्फीही नव्हता. त्यावर उपचार आहेत. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक फुकट लागतो, मराठीत बोलता येतं, आणि पलीकडचा माणूस "सुटलीस की" म्हणत नाही.

विजापूर रोडला धर्मवीर संभाजी तलाव आहे. जुनी माणसं त्याला कंबर तलाव म्हणतात, आणि सकाळी तिथं जी माणसं फेऱ्या मारतात ती बहुतेक त्याच अवयवाच्या कामानं आलेली असतात. तिथल्या एका टोळक्यात बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. रोजच्या "तुझं किती उतरलं, माझं किती चढलं" याला कंटाळून त्यांनी नियम काढला: फिरताना कुणी कुणाच्या वजनाबद्दल, पोटाबद्दल, रंगाबद्दल बोललं तर दहा रुपये दंड. स्वतःच्या पोटाबद्दल बोललं तरी दंड. पहिल्या आठवड्यात डबा इतका भरभर भरला की वजनाशिवाय आपल्याला एकमेकांशी बोलायला दुसरं काही नाही, हे लोकांच्या लक्षात आलं. मग हळूहळू सोयाबीनचा भाव, सुनेची नोकरी, गुडघे, तलावावर आलेले पक्षी असे विषय निघाले. डब्यातल्या पैशातून हिवाळ्यात एका शेतावर हुरडा पार्टी ठरली. कोवळी कणसं, शेकोटी, शेंगाचटणी, गूळ, सगळं जमून आलं. कुणी कुणाला "बास कर" म्हणालं नाही. तेवढ्यात एक बाई काकांना म्हणाल्या, "काका, तुम्ही बारीक दिसताय हो! छान वाटतंय."

काकांनी डबा पुढं केला.

"हे तर कौतुक झालं," बाई म्हणाल्या.

"वजनाबद्दल बोललात."

"चांगलं बोलले."

"म्हणजे मागच्या महिन्यात वाईट दिसत होतो का?"

यावर तिथं दोन तट पडले. कौतुकाला दंड लागतो की नाही, याचा निकाल अजून लागलेला नाही; दहा रुपयांची नोट तेव्हापासून डब्याच्या झाकणावर दगडाखाली ठेवलेली असते, आणि तिसऱ्या फेरीनंतर वाद रोज नव्यानं सुरू होतो.